जुन्या मूर्तींतून नवे सैन्य: काय कापावे आणि काय जपावे

आपल्याकडे जुन्या धातूच्या कल्पनारम्य मिनिएचर, अलीकडच्या प्लास्टिक संचांचे अर्धवट वापरलेले स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या ओतीव चौकटी) आणि रेझिनचे काही राक्षस असा मिश्र ऐवज एकदम आला आहे. त्यातून बुडालेल्या जहाजांवरच्या मृत खलाशांचे एक सैन्य टेबलटॉप युद्धखेळासाठी घडवावे, असा आपला मानस आहे. कोणत्या मूर्तीला करवत लावावी, कोणती तशीच ठेवावी, कोणती पुटी आणि कोणता गोंद वापरावा, आणि संग्रहाचे मोल न घालवता हे सारे कसे साधावे, असे आपण विचारले आहे. यांपैकी पहिल्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण तो सुटला की बाकीचे बरेचसे हातकामाचे प्रश्न उरतात आणि हातकाम सरावाने येते. संग्राहक आणि कन्व्हर्जन, म्हणजे मूर्ती कापून-जोडून तिचे रूपांतर, करणारा यांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात असा एक समज आहे. मला तो पटत नाही, कारण हातातली मूर्ती नेमकी कोणती, कशाची आणि कधीची आहे हे ओळखणे, हेच दोघांचेही पहिले काम असते. ओळख पटलेली नसताना मूर्ती कापू नये, हा नियम मी कधीही सैल करत नाही.

धातूच्या मूर्ती आधी वेगळ्या काढा आणि त्यांच्या पायाखाली पाहा. पायाखाली धातूची उभी पट्टी असेल आणि ती प्लास्टिकच्या बेसमधल्या खाचेत बसत असेल, तर ती सिटाडेल या ब्रिटिश मूर्ती-कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास रूढ केलेल्या ‘स्लॉटा’ पद्धतीची मूर्ती असते. पाय धातूच्याच छोट्या तबकडीवर ओतलेले असतील, तर सिटाडेलच्या बाबतीत ती त्याआधीची ठरते. मात्र राल पार्थासारख्या अमेरिकी कंपन्यांनी ही ओतीव तबकडी पुढेही बराच काळ चालू ठेवली होती, त्यामुळे केवळ तबकडीवरून काळ ठरवता येत नाही. पट्टीवर किंवा तबकडीच्या खाली कंपनीचे नाव, वर्ष आणि काही वेळा त्या पात्राचे नावही उठवलेले असते. हे वर्ष मूळ शिल्पाच्या स्वामित्वहक्काचे असते, ओतकामाचे नसते. चांगला खप असलेल्या मूर्तीचे ओतकाम वर्षानुवर्षे चालू राहत असे, म्हणून पट्टीवर १९८५ वाचून ती त्याच साली ओतली गेली असे गृहीत धरू नका. पूर्वीच्या मालकाने पट्टी छाटून टाकली असेल, तर ओळख अवघड होते आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही उतरते. अशी मूर्ती कन्व्हर्जनसाठी मात्र निःशंकपणे घेता येते.

या मूर्तींमागचा इतिहास थोडासा माहीत असला, तर निवड सोपी होते. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश खेळ-कंपनीची स्थापना १९७५ ची. सिटाडेल त्याच दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि वॉरहॅमर या कल्पनारम्य युद्धखेळाची पहिली आवृत्ती १९८३ मध्ये आली. अमेरिकेत सिनसिनाटी येथे राल पार्थाही १९७५ मध्येच उभी राहिली आणि टॉम मायर या शिल्पकाराने तिला नाव मिळवून दिले. जाणकार संग्राहक कंपनीइतकाच, किंबहुना अधिक, शिल्पकार पाहतो: केव्ह ॲडम्स यांच्या गॉब्लिनांचे चेहरे, जेस गुडविन यांच्या मूर्तींमधला काटेकोरपणा, मायकेल आणि ॲलन या पेरी बंधूंच्या सैनिकांची सहज उभी राहण्याची ढब. हे हात ओळखू येण्यासाठी जुन्या कॅटलॉगांची चित्रे पाहण्याला पर्याय नाही. आपल्यासाठी यातला व्यवहारी मुद्दा असा की, सिटाडेलच्या सुरुवातीच्या काळातील ‘सी’ मालिकेत एकाच क्रमांकाखाली अनेक वेगवेगळी शिल्पे विकली जात. दुरून जुळे वाटणारे दोन ऑर्क शेजारी ठेवून पाहिले, की एकाच्या पट्ट्याचे बक्कल वेगळे निघते, दुसऱ्याचा जबडा अधिक पुढे आलेला दिसतो. म्हणून ‘ही दुबार आहे, कापायला हरकत नाही’ असा निर्णय घेण्याआधी दोन्ही मूर्ती एकाच उजेडात फिरवून पाहा.

नकली ओतकाम ओळखणेही याच टप्प्यावर येते. धातूच्या मूर्ती सहसा व्हल्कनाइझ केलेल्या रबराच्या गोल साच्यात, साचा वेगाने फिरवून ओतल्या जातात. धातू थंड होताना किंचित आकसतो. तयार मूर्तीवरूनच पुन्हा साचा घेतला, तर दर पिढीला मूर्ती थोडी लहान होत जाते आणि तिच्या कडा बोथट होतात. त्यामुळे खात्रीच्या अस्सल मूर्तीशेजारी संशयित मूर्ती उभी केली, की उंचीतला बारीक फरक, डोळ्यांच्या पुसट कडा आणि साखळी-चिलखतातल्या बुजलेल्या कड्या उघड होतात. एखादी मूर्ती अशी निघालीच, तर ती संग्रहात अस्सल म्हणून ठेवू नये आणि पुढे विकूही नये. आपल्या स्वतःच्या सैन्यासाठी तिचे तुकडे करण्यात संग्रहाचे काहीच नुकसान नाही.

वर्गवारी करताना मी तीन ढीग करतो. अखंड शस्त्रे, मूळ ढाल आणि शाबूत पट्टी असलेल्या ओळखीच्या जुन्या मूर्ती पहिल्या ढिगात जातात आणि त्यांना हात लावायचा नसतो. तुटलेले भाले, छाटलेले हात, गायब ढाली असलेल्या जुन्या मूर्ती दुसऱ्या ढिगात ठेवतो. त्यांची दुरुस्ती करायची की रूपांतर, हे सुटे भाग मिळतात का यावर अवलंबून असते. तिसऱ्या ढिगात आजही सहज मिळणारे प्लास्टिक येते आणि सैन्याचा मोठा भाग तिथूनच घडवायचा असतो. दोन गोष्टींबाबत मात्र सावध राहा. जुना रंग दिसला की तो उतरवण्याची घाई अनेकांना होते. पण कित्येक दशकांपूर्वी इनॅमल रंगांत नीट रंगवलेली मूर्ती ही त्या काळच्या रंगकामाचा नमुना असते आणि एकदा रंग उतरवला की तो परत येत नाही. तसेच पेटीत कुणाचे तरी जुने कन्व्हर्जन निघाले, म्हणजे पुटीने लावलेला झगा किंवा तारेचा भाला, तर ते बिघडलेले नग समजून मोडू नका. हा छंद रूपांतरातूनच वाढला आहे. १९७१ च्या चेनमेल या नियमावलीत मध्ययुगीन लढायांना कल्पनारम्य पुरवणी जोडली गेली, तेव्हा राक्षसांच्या तयार मूर्ती फारशा मिळतच नव्हत्या, आणि तिचे एक कर्ते गॅरी गायगॅक्स हे हाँगकाँगमध्ये बनलेली प्लास्टिकची स्वस्त खेळणी राक्षस म्हणून टेबलावर उभी करत. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिकाखेळातले रस्ट मॉन्स्टर, आउलबेअर आणि बुलेट हे तीन प्राणी अशा खेळण्यांवरूनच आले.

आता शिशाविषयी, कारण इथे प्रश्न आरोग्याचा आहे. जुन्या मूर्ती बहुधा शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूच्या असतात. राल पार्थाने १९९३ मध्ये शिसेविरहित धातू स्वीकारला आणि त्या दशकात इतर मोठ्या कंपन्याही तिकडे वळल्या. शिशाचे प्रमाण जास्त असलेली मूर्ती आकाराच्या मानाने जड आणि काळपट करडी असते, सहज वाकते आणि कागदावर घासली तर पेन्सिलीसारखी रेघ उमटते. अशा मूर्तीवर कोरडी कानस चालवू नये. कानस ओली ठेवावी, खाली कागद अंथरून सगळा कीस त्यात गुंडाळून वेगळा टाकावा, काम करताना काही खाऊ-पिऊ नये आणि शेवटी हात साबणाने धुवावेत. ज्या घरात लहान मुले आहेत, तिथे या मूर्ती कुलपात असाव्यात. मूर्तीवर पांढरी पिठूळ बुरशी दिसली, तर ती बुरशी नसून शिशाचे कार्बोनेट असते. हवेतील आम्लयुक्त वाफा, विशेषतः ॲसेटिक आम्लाच्या, शिशाला लागल्या की ते तयार होते. ओकसारख्या लाकडाची कपाटे, निकृष्ट पुठ्ठ्याची खोकी आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन सीलंट हे या वाफांचे नेहमीचे उगम आहेत. अशी मूर्ती हातमोजे घालून पाण्याखाली मऊ ब्रशने स्वच्छ करावी, पूर्ण वाळू द्यावी आणि प्रायमर किंवा वार्निशचा अखंड थर द्यावा. पूड कोरडी झटकणे हा त्यातला सर्वांत वाईट मार्ग आहे.

गोंदाचा विषय दोन वाक्यांत आटोपतो. पॉलिस्टायरिनच्या प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट वापरावे, कारण ते दोन्ही पृष्ठभाग वितळवून एकजीव करते. धातू, रेझिन, पीव्हीसी किंवा दोन भिन्न पदार्थ जोडायचे असतील तर सुपरग्लू, आणि तोही पातळ थरात. सुपरग्लू ताण सहन करतो, पण आडव्या धक्क्याला तुटतो, म्हणून धातूच्या प्रत्येक जोडात पिन (दोन्ही बाजूंच्या छिद्रांत बसणारी तार) घालणे मी अनिवार्य मानतो. रीपर कंपनीच्या ‘बोन्स’सारख्या मऊ पीव्हीसी मूर्ती आपल्या पेटीत असतील, तर त्यांवर प्लास्टिक सिमेंटचा काहीही परिणाम होत नाही आणि काही स्प्रे प्रायमर त्यांवर कायम चिकट राहतात, एवढे लक्षात असू द्या. त्यांची वाकलेली शस्त्रे उकळत्या पाण्यात धरून सरळ करावीत आणि लगेच थंड पाण्यात बुडवावीत.

मृत खलाशांच्या सैन्याकडे वळू. सुटी मूर्ती रूपांतरित करणे आणि सैन्य रूपांतरित करणे यांत मोठा फरक आहे. सुट्या मूर्तीवर आपण वाटेल तितका तपशील ओतू शकतो. सैन्य मात्र हातभर अंतरावरून पाहिले जाते आणि तिथे तपशील दिसतच नाही, बाह्याकृती दिसते. म्हणून आधी सर्व मूर्तींना बांधणारी तीन-चार लक्षणे ठरवा आणि तीच पुन्हा पुन्हा वापरा. आपल्या कल्पनेसाठी मी खांदे पुढे पडलेले धड, अंगाला चिकटलेले ओले कापड, लोंबणारे दोर आणि समुद्री कालवांचे थर एवढीच लक्षणे निवडीन. अंकुश, वल्ही, तुटलेली डोलकाठी, जाळी ही शस्त्रांची जागा घेतील. चित्रकार जॉन ब्लांश यांच्या प्रभावाखाली जी मळकट, विद्रूप, लहान लहान तुकड्यांतून जुळवलेल्या मूर्तींची धाटणी रूढ झाली, ती आपल्या विषयाला शोभणारी आहे. पण त्या धाटणीत प्रत्येक मूर्ती वेगळी असण्यावर भर असतो, आणि तेच धोरण साठ सैनिकांना लावले तर नजरेला विसावायला जागा राहत नाही. दर पाच-सहा साध्या सैनिकांमागे एक लक्षवेधी मूर्ती पुरते.

ज्यांतून भाग घ्यायचे ते संच निवडताना प्रमाण जुळते का ते पाहा. खोक्यावर २८ मिमी लिहिलेले असले, तरी तेवढ्याने दोन संच जुळत नाहीत, कारण काही उत्पादक पायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात आणि काही डोक्याच्या टोकापर्यंत. शिवाय ‘हिरोइक’ प्रमाणाच्या मूर्तींचे हात, डोकी आणि शस्त्रे मुद्दाम मोठी केलेली असतात, तर ऐतिहासिक सैनिकांच्या संचांत मनगटे बारीक आणि नैसर्गिक असतात. सांगाड्यांच्या बाबतीत ही विसंगती खपून जाते, कारण मांस झडलेले शरीर बारीकच दिसणार. जिवंत माणसाच्या धडावर मात्र बारीक हात लगेच खटकतो. नॉर्थ स्टार या कंपनीने फ्रॉस्टग्रेव्ह या खेळासाठी काढलेल्या प्लास्टिक संचांत साधे कपडे, जादा डोकी आणि वेगवेगळी शस्त्रे भरपूर असतात, त्यामुळे खलाशांच्या धडांसाठी ते मला सोयीचे वाटतात.

कापण्याआधी सर्व तुकडे ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने) जुळवून उभे करा आणि दिवसभर तसेच राहू द्या. या टप्प्यावर पाहायची एकच गोष्ट म्हणजे शरीराचा भार. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या गळ्याची खोबण त्या पायाच्या घोट्याच्या जवळपास सरळ वर येते, भाराच्या बाजूचा नितंब उंचावतो आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. तयार संचांतून बनवलेली कन्व्हर्जन्स लाकडी वाटतात, त्याचे मुख्य कारण हेच असते की कमरेवरचा भाग आणि कमरेखालचा भाग दोन वेगळ्या माणसांचा असतो आणि खांद्यांची रेघ नितंबांच्या रेघेला समांतर राहते. कमरेच्या जोडावर एका बाजूने प्लास्टिकची पातळ पाचर कापून काढली, की धड कलते आणि मूर्तीत जीव येतो. त्यानंतर डोके फिरवायचे ते शस्त्राच्या दिशेने किंवा शत्रूच्या दिशेने. समोर शून्यात पाहणारे डोके फक्त मृतांना चालते. आपले सैनिक मृतच असल्यामुळे ही सवलत आपल्याला आहे, पण त्यांच्या कप्तानाने मात्र कुणाकडे तरी रोखून पाहिलेच पाहिजे.

हा कप्तान जरा जवळून पाहू, कारण त्यात जवळजवळ सर्व कृती येतात. धड प्लास्टिकच्या मानवी सैनिकाचे घ्या आणि डोके एखाद्या तुटक्या जुन्या धातूच्या सांगाड्याचे घ्या. धातूचे डोके कापताना पक्कड वापरू नका, कारण पक्कड कापण्याआधी चेपते आणि जबड्याचा आकार जातो. सोनार वापरतात तशी तारेसारख्या बारीक पात्याची करवत घ्या आणि जबड्याच्या खाली नव्हे, तर कॉलरच्या रेषेवर कापा, म्हणजे मान डोक्याबरोबर येईल आणि पुढे जुळवणीला जागा राहील. प्लास्टिकच्या धडातून मूळ मान खणून वाटीसारखा खळगा करा. धातूच्या मानेत पिन व्हाइसने (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने) एक मिलिमीटरचे छिद्र पाडा. सुरुवातीला टोकदार सुईने खूण केली नाही, तर ड्रिल धातूवरून घसरते. छिद्रात पितळी तार सुपरग्लूने बसवा आणि तारेच्या मोकळ्या टोकाला ओल्या रंगाचा ठिपका लावून डोके हव्या त्या कोनात धडावर टेकवा. जिथे ठिपका उमटेल, तिथे दुसरे छिद्र पाडायचे. तार थोडी लांब ठेवली तर शेवटच्या क्षणीही डोके किंचित वाकवता येते. उजवा हात मनगटाशी कापून त्या जागी अंकुश लावायचा असेल, तर अंकुश पितळी तारेला गोल पकडीवर वळवून करावा आणि टोक कानशीने निमुळते करावे. तारेचा अंकुश प्लास्टिकच्या अंकुशापेक्षा बारीक दिसतो आणि हाताळताना मोडत नाही.

पुटीबाबत आपण ‘एकच घ्यायची तर कोणती’ असे विचारले आहे. एकच घ्यायची तर ग्रीन स्टफ घ्या. पण दोन घेणे शहाणपणाचे आहे. ग्रीन स्टफ ही निळ्या आणि पिवळ्या भागांची इपॉक्सी पुटी आहे. ती समान प्रमाणात मळली की साधारण तास-दीड तास काम करता येते आणि पूर्ण घट्ट व्हायला सुमारे चोवीस तास लागतात. निळा भाग वाढवला तर ती लवकर आणि कडक बसते, पिवळा वाढवला तर चिकट आणि मऊ राहते. पट्टीच्या स्वरूपात मिळणाऱ्या पुटीत दोन्ही रंग जिथे एकमेकांना टेकलेले असतात, तिथली मधली रेघ आधीच घट्ट झालेली असते. ती कापून टाकली नाही, तर गुळगुळीत कापडात कडक कण लागतात आणि ते काढता येत नाहीत. ग्रीन स्टफ सुकल्यावरही किंचित लवचीक राहते, म्हणून तिच्यावर कानस किंवा सँडपेपर नीट चालत नाही. ज्या ठिकाणी सपाट पृष्ठभाग आणि धारदार कडा हव्यात, तिथे मिलिपुट ही दुसरी इपॉक्सी पुटी वापरावी. ती ओली असताना पाण्याने गुळगुळीत होते आणि सुकल्यावर घासता येते. दोन्ही वेगवेगळ्या मळून मग समान प्रमाणात एकत्र केल्या, तर लवचिकपणा आणि घासण्याजोगेपणा यांचा चांगला मेळ बसतो. मी स्वतः शस्त्रे व बक्कल यांसाठी हे मिश्रण आणि कापड व त्वचेसाठी निव्वळ ग्रीन स्टफ वापरतो.

सगळे काम एका बैठकीत उरकण्याचा मोह टाळा. पहिल्या दिवशी फक्त सांधे भरा आणि आतला आकार उभा करा. तो सुकल्यावर वरचा थर द्या. असे केल्याने नाकाला आकार देताना बोटाखाली मान चेपत नाही. हत्यारांची भली मोठी पेटी लागत नाही: एक पात्यासारखे, एक टोकदार आणि मऊ रबरी टोकाचे एक ‘क्ले शेपर’ एवढे पुरते. हत्यार सतत पाण्याने किंवा अगदी किंचित व्हॅसलिनने ओले ठेवा. व्हॅसलिन वापरले असेल तर प्रायमर देण्याआधी मूर्ती साबणाच्या पाण्याने धुवावी लागते.

कप्तानाचा डगला करण्यासाठी पुटी ओल्या प्लास्टिकवर एक मिलिमीटरपेक्षा पातळ लाटा आणि अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, म्हणजे ती उचलताना ताणली जाणार नाही. मग हव्या आकारात कापून खांद्यावर टांगा. घडी नेहमी जिथे कापड अडकते तिथून, म्हणजे खांदा, पट्टा, वाकलेले कोपर यांपासून सुरू होते आणि खाली जाताना रुंद व उथळ होते. कोरड्या आणि ओल्या कापडातला फरक इथे दाखवायचा असतो. कोरडा डगला वाऱ्यावर फुगतो. ओला डगला मांडीला, पाठीला चिकटतो, चिकटलेल्या भागात घड्या जवळजवळ नसतात आणि उरलेले कापड सरळ खाली लोंबते. नवखे लोक ओल्या कापडालाही भरपूर घड्या घालतात आणि तिथेच समुद्राचा भास निघून जातो. कालवांसाठी पुटीचे अगदी बारीक गोळे झुबक्याझुबक्याने बसवून प्रत्येकाच्या मध्यभागी सुईने खळगा करावा. ती सर्वत्र सारखी पसरू नयेत. शरीराच्या एका बाजूला, जणू तो मृतदेह त्या कुशीवर वर्षानुवर्षे तळाशी पडून होता अशी दाट असावीत आणि दुसऱ्या बाजूला तुरळक. दोरांसाठी तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींभोवती पिळल्या की पुरे.

बेसचा आकार मात्र सुरुवातीलाच ठरवून टाका, कारण तो खेळाच्या नियमांवर अवलंबून असतो आणि नंतर बदलणे त्रासाचे ठरते. २०१५ मध्ये आलेल्या एज ऑफ सिग्मार या वॉरहॅमरच्या खेळाने गोल बेस आणले. २०२४ च्या द ओल्ड वर्ल्ड या वॉरहॅमरच्याच खेळाने चौकोनी बेस परत आणले, पण पूर्वी २० मिमीवर उभ्या राहणाऱ्या मानवी पायदळाला तिथे २५ मिमीचा बेस लागतो. किंग्ज ऑफ वॉर या खेळात पथकाचा एकूण तळ मोजला जातो, त्यामुळे सगळे पथक एकाच पाटावर देखाव्यासारखे मांडता येते; बुडालेल्या जहाजाच्या फळ्यांमधून वर चढणारे खलाशी दाखवायला ही मोकळीक फार उपयोगाची आहे. कोणताही खेळ निवडला, तरी मूर्ती बेसला गोंदाने कायमची चिकटवण्याऐवजी पायातून पिन काढून बसवावी, म्हणजे पुढेमागे बेस बदलता येईल. चौकोनी बेसवर रांगेत उभ्या राहणाऱ्या मूर्तींची शस्त्रे आडवी पसरू देऊ नका. टेबलावर एकमेकांत अडकणारी वल्ही लवकरच मोडतात, त्यामुळे शस्त्र उभे किंवा मागे तिरके ठेवावे आणि प्रत्येक मूर्ती चिकटवण्याआधी शेजारच्यांबरोबर उभी करून पाहावी.

रेझिनच्या राक्षसांना आधी कोमट साबणपाण्यात ब्रशने धुवा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला स्निग्ध थर राहिला तर रंग धरत नाही. रेझिनची पूड श्वासात जाऊ नये म्हणून घासकाम ओलेच करावे आणि मास्क लावावा. थ्री-डी प्रिंट केलेल्या मूर्ती कन्व्हर्जनसाठी वापरायच्या झाल्या, तर त्या ठिसूळ असतात हे धरून चाला: बारीक दाताची करवत, हळू फिरणारे ड्रिल आणि पक्कड अजिबात नाही. मोठी मूर्ती आतून पोकळ असेल तर आत न सुकलेले रेझिन अडकलेले असू शकते आणि काही काळाने ते मूर्तीला तडा देऊन बाहेर येते. अशा प्रिंटला निचऱ्याचे छिद्र आहे ना, हे कापण्याआधी तपासा. माझे मत विचाराल तर प्रिंटर संपूर्ण मूर्तीपेक्षा डोकी, हात आणि वल्ह्यांसारखे सुटे भाग करण्यासाठी जास्त उपयोगी आहे.

दुसऱ्या ढिगातील मूर्तींचा रंग उतरवायचाच असेल, तर ॲक्रिलिक रंगाला आयसोप्रोपिल अल्कोहोल बहुधा पुरते. काही तास भिजवून दातांच्या जुन्या ब्रशने घासावे, खोली हवेशीर ठेवावी आणि जवळ आग नसावी. ॲसिटोन केवळ निव्वळ धातूच्या मूर्तींसाठी आहे. पॉलिस्टायरिन त्यात विरघळते, रेझिन खराब होते, आणि धातूच्या मूर्तीला प्लास्टिकची ढाल राहून गेली असेल तर तीही जाते. पुटीकाम पूर्ण झाल्यावर आधी करड्या प्रायमरचा एक पातळ हात द्या. धातू, प्लास्टिक आणि हिरवी पुटी अशा तीन रंगांत जे दोष लपलेले असतात, ते एकरंगी झाल्यावर समोर येतात. ते दुरुस्त करून मग पुन्हा प्रायमर द्यावा.

शेवटचा भाग नोंदींचा. पहिल्या ढिगातील प्रत्येक मूर्तीचे पुढून, मागून आणि पट्टीचे असे छायाचित्र काढून ठेवा. कापलेल्या मूर्तींचेही कापण्याआधीचे छायाचित्र असावे, आणि उरलेले डोके, हात किंवा ढाल त्याच नावाच्या पाकिटात जपावी. पुढे कुणाला नेमका तोच तुटलेला भाग हवा असतो आणि अदलाबदलीत आपल्याला खलाशांसाठी काहीतरी मिळून जाते. रूपांतरित मूर्तीच्या बेसखाली कोणत्या मूळ मूर्तींचे भाग वापरले हे बारीक अक्षरांत लिहावे, आणि शिसे असल्यास तेही. अशी मूर्ती कधी विकायची झाली, तर ती रूपांतरित आहे, कोणती पुटी कुठे लावली आहे आणि मूळ पट्टी शाबूत आहे की नाही, हे विकत घेणाऱ्याला आधीच सांगावे लागते, आणि ही माहिती बेसखाली लिहिलेली असली की कितीही वर्षांनी ती सांगता येते.